अर्बारोबाच्या वळणावरचा घास

आफ्रिकेतल्या व्यावसायिक सायकलिंगचा इतिहास ज्या दिवशी लिहिला जाईल, त्या दिवशी अस्मारा शहराचं नाव त्यात सुवर्णाक्षरांनी कोरावं लागेल. सिनेमागृहासमोरच्या आमच्या बारमध्ये रोज सकाळी माकियातो कॉफी घेत बसणाऱ्या प्रत्येक माणसाचं हे ठाम मत आहे. इतिहास लिहायला मात्र त्यांच्यापैकी एकानेही घेतलेला नाही, कारण पहिलं प्रकरण कुणाच्या आजोबांपासून सुरू करायचं यावर एकमत होत नाही.

बाहेरचे लोक आमच्याबद्दल लिहितात की इथलं मूल चालायच्या आधी सायकल चालवतं. हे खोटं आहे. चालायच्या आधी ते सायकलवरून पडतं. चालवायला नंतर शिकतं, मग आपण जगात सर्वोत्तम आहोत असं त्याला वाटायला लागतं, आणि उरलेलं आयुष्य ते हेच सांगत बारमध्ये बसतं.

या इतिहासातलं सर्वांत ताजं पान म्हणजे मकरोनी संघ. कागदोपत्री संघाचं नाव लांबलचक होतं. त्यात 'आफ्रिका', 'व्यावसायिक' आणि 'भविष्य' हे तिन्ही शब्द होते. पण पोरांच्या पाठीवर छापलेलं होतं मकरोनीच्या कारखान्याचं चित्र, आणि गाव चित्र वाचतं. किफ्लोमच्या मनाला हे नाव लागायचं. किफ्लोम म्हणजे संघाचा प्रशिक्षक, व्यवस्थापक, ड्रायव्हर आणि मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी न्हावी. तरुणपणी तो स्वतः शर्यती जिंकलेला होता, नंतर त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि मग ते बंद करून हा संघ काढला. सगळं गाव त्याला अया किफ्लोम म्हणायचं. अया म्हणजे थोरला भाऊ. तो रागावला की त्याच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही अया म्हणायची.

सुरुवात झाली त्याच्या अंगणातल्या सात पोरांपासून. हळूहळू पोरं केनियात जिंकली, कॅमेरूनमध्ये जिंकली, रवांडाच्या डोंगरांत तर एकदा पहिले तिघे आमचेच होते आणि तिघांनाही वाटत होतं की आपण दुसऱ्याला जिंकू दिलं. व्यावसायिक संघ म्हणून नोंदणी झाली. आता राहिला होता युरोप. तिथल्या एका मोठ्या शर्यतीचं निमंत्रण मिळालं की संघ खरा व्यावसायिक होणार होता. नाही मिळालं तर संघच राहणार नव्हता, कारण कारखान्याच्या मालकांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

"माझी मकरोनी इटलीत दिसली पाहिजे," ते म्हणाले होते. "आपल्या डोंगरांत ती सगळ्यांनी बघितली आहे. माकडांनीसुद्धा."

इटलीत मकरोनी दिसून काय उपयोग, हे त्यांना कुणी विचारलं नाही. पैसे देणाऱ्याला भूगोल विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

किफ्लोमची अडचण वेगळी होती. त्याने सातही पोरांच्या आयांना त्यांच्या घरी जाऊन शब्द दिला होता की पोराला युरोपात नेईन. त्यातल्या दोघींनी त्या शब्दावर पोरांची लग्नं ठरवून टाकली होती.

तर त्या शर्यतीचे एक अधिकारी आमच्या वार्षिक शर्यतीच्या आठवड्यात अस्मारात आले. मोस्यू लामोत, बेल्जियमचे. उंच, गुलाबी आणि अतिशय नम्र. मला फ्रेंच येतं अशी गावात समजूत असल्यामुळे मला त्यांच्यासोबत बसवण्यात आलं. लामोतना कुणी काहीही विचारलं की ते एकच उत्तर देत: "रविवारी बघू." रविवारी मसावा ते अस्मारा शर्यत होती, समुद्रापासून थेट ढगांपर्यंतची चढण. या दोन शब्दांचा अर्थ लावायला बारला एक अख्खी सकाळ लागली, आणि शेवटी असं ठरलं की मिहरेताब जिंकला तर निमंत्रण, हरला तर नाही. लामोतना याची कल्पना नव्हती, पण निर्णय झालेला होता.

मिहरेताब आमचा सर्वांत चांगला चढणारा. हाडकुळा, अबोल. युरोपातले तीन संघ आले होते आणि त्यांच्यातला हेसेल नावाचा डच मुलगा चढणीवर त्याच्या तोडीचा होता. बाकीचे उन्हानेच मरणार याबद्दल कुणाला शंका नव्हती.

खरी भानगड निघाली पंचांच्या बैठकीत. मुख्य पंच होते ओक्बाय मास्तर. त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. निम्मे खेळाडू त्यांच्या हातचा मार खाल्लेले होते आणि उरलेले त्यांच्या शाळेत नव्हते एवढंच. मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं: शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये रस्त्यावरच्या कुणीही खेळाडूला खायला द्यायचं नाही. घेणारा खेळाडू निकालात मागे ढकलला जाईल.

खोलीतल्या सगळ्यांनी किफ्लोमकडे बघितलं.

"मास्तर, म्हणजे भरवायचं पण नाही?" किफ्लोमने विचारलं.

"देणं आणि भरवणं यात नियम फरक करत नाही."

"पण लोक तर करतात ना."

आमच्याकडे ताटाभोवती बसलं की आपल्या हाताने दुसऱ्याला घास भरवतात. त्याला गुर्शा म्हणतात. तो नाकारता येत नाही. एकच घास दिला तर देणाऱ्याचं मन कोतं दिसतं, म्हणून दुसरा द्यावा लागतो, आणि दोन दिल्यावर तिसरा न देणं बरं दिसत नाही. सायकलस्वार गावातून चालला असेल तर बायका ताट घेऊन रस्त्यावर येतात. पूर्वीच्या काळी मसाव्याहून निघालेला एक खेळाडू अस्माराला पोचला तेव्हा त्याचं वजन वाढलेलं भरलं होतं. त्याचा नंबर कितवा आला हे कुणाला आठवत नाही, पण आमच्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणाच्या उमेदवारांत तो आहे.

किफ्लोमने शनिवारी गाडी काढली आणि गावोगाव सांगत सुटला. मला बरोबर घेतलं, कारण शिकलेला माणूस शेजारी असला की बायका कमी बोलतात असा त्याचा अंदाज होता. घाटातल्या वस्त्यांनी कुरकुरत का होईना, ऐकलं. उरलं अर्बारोबा. हे गाव बरोब्बर त्या वीस किलोमीटरच्या आत, आणि रस्त्याच्या वळणावर पहिलंच घर अदेय लेतेमिकाएलचं. अदेय म्हणजे आई. गावात सगळे तिला तसंच म्हणत. मिहरेताबची ती मावशी. त्याची आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवला होता, आणि अजून तिचं समाधान झालेलं नव्हतं.

"या, बसा," ती म्हणाली. "खाऊन घ्या."

"अदेय, आम्ही घाईत आहोत. फक्त एक सांगायचं होतं."

"खाताना सांग. कान मोकळेच असतात."

ताट आलं. ताइता, म्हणजे आंबवलेल्या पिठाचं मोठं मऊ घावन, वर झिग्नीचा लाल तिखट रस्सा, मटणाचे मोठे तुकडे. किफ्लोमने दोन घास घेतले आणि घसा साफ केला.

"उद्या शर्यत आहे."

"माहीत आहे. बकरा कापायला सांगितलाय."

"तेच सांगायला आलोय. मिहरेताबला भरवायचं नाही."

अदेय लेतेमिकाएल थांबली. मग तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही शिकलेले ना? हा काय बोलतोय?"

"नियम आहे," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"युरोपचा."

"युरोपला काय करायचंय? पोरगं मसाव्यापासून वर येणार, माझ्या दारावरून जाणार, आणि मी काय, हात बांधून उभी राहू?"

"हो," किफ्लोम म्हणाला. "अगदी तसंच उभं राहा."

"किफ्लोम, तू स्वतः या दारावरून गेला होतास शर्यतीत. माझ्या सासूने तुला भरवलं होतं. त्या वर्षी जिंकलास ना?"

"जिंकलो."

"मग?"

"तेव्हा नियम नव्हता, अदेय. आता भरवलं तर पोराला मागे टाकतील. युरोप गेला हातचा. संघ गेला. मी त्याला नेईन असा शब्द दिलाय. तुम्हालाच दिलाय."

ती बराच वेळ कॉफीच्या बिया भाजत राहिली. धूर फिरवला, कुटल्या, उकळल्या. पहिला कप झाला, दुसरा झाला. तिसऱ्या कपात बरकत असते, तो घेतल्याशिवाय उठायचं नसतं, आणि तिसरा कप द्यायची तिला काही घाई नव्हती.

"ठीक आहे," शेवटी ती म्हणाली. "मिहरेताबला हात लावणार नाही. घे माझा शब्द. आता आ कर."

किफ्लोमने आ केला. तीन घास गेले. मग तीन मला. आनंदाने म्हणा की तिखटाने, किफ्लोमच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना तो गाडीत शीळ घालत होता. आपण काय मागितलं आणि काय मागायचं राहिलं, याचा हिशेब त्याने केला नाही. मीही केला नाही. मी तिसऱ्या घासातून अजून सावरत होतो.

रविवारी मसाव्यात पहाटेपासूनच हवा उकळत होती. आमच्या गाडीत किफ्लोम चालवायला, शेजारी मोस्यू लामोत, मागे मी आणि सुटी चाकं. लामोतनी खिडकीबाहेर हात काढून बघितला आणि आत घेतला. त्यानंतर वाटेतलं गिंडा गाव येईपर्यंत त्यांनी काच उघडली नाही.

गिंडाच्या बाजारात एक उंट रस्त्यात बसला. खेळाडू त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. आमची गाडीही निघाली, कारण किफ्लोमला उंटाची भाषा येते. मागून येणारी हेसेलच्या संघाची गाडी मात्र अडकली. त्यांनी भोंगा वाजवला. भोंग्याने उंट उठतो असं त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. त्या गाडीत हेसेलचं खाणं होतं, आणि ते त्या दिवशी तिथेच राहिलं.

नेफासित गाव मागे पडल्यावर चढण खरी सुरू झाली आणि पुढे दोघेच उरले. मिहरेताब आणि हेसेल. एका वळणावर मिहरेताबने मागे न बघता वेग वाढवला, आणि हेसेल मागे सुटला. आधी खांदे हलायला लागले, मग सायकल रस्त्याच्या या कडेकडून त्या कडेकडे जायला लागली. सायकलस्वाराला लागते ती भूक आपल्याला लागते तशी नसते. घरातले दिवे एकेक करून जावेत तशी असते.

"गेला," किफ्लोम म्हणाला. आवाज त्याने मुद्दाम खाली ठेवला होता.

"काय म्हणतात हे?" लामोतनी विचारलं.

"पाहुण्याबद्दल काळजी व्यक्त करतायत," मी सांगितलं.

दोघांत अंतर थोडंच असल्यामुळे ओक्बाय मास्तरांनी आमची गाडी मध्ये शिरू दिली नव्हती. ते स्वतः मोटारसायकलवर मागे बसून, शिटी दातांत धरून, हेसेलच्या बाजूने चालले होते. आम्ही त्यांच्या मागे. त्यामुळे अर्बारोबाच्या वळणावर जे घडलं ते आम्हाला अगदी पहिल्या रांगेतून दिसलं.

अदेय लेतेमिकाएल पांढरी शाल घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. शेजारी स्टुलावर झाकलेली टोपली. मिहरेताब वर आला. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तोंड फिरवून डोंगराकडे बघितलं. मिहरेताब तिच्यासमोरून गेला, आणि पुढच्या वळणाआड जाईपर्यंत वळून बघत राहिला. त्या दिवसभरात त्याने मागे वळून बघितलं ते एवढंच.

"शब्दाची बाई आहे," किफ्लोम म्हणाला.

मग हेसेल आला. तोंड पांढरं, ओठ कोरडे, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. अदेयने त्याच्याकडे एकदा बघितलं. टोपलीचं झाकण उचललं. किफ्लोमच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला फ्रेंचमध्ये शब्द नाही.

ती त्याच्या बाजूने चालायला लागली. पहिला घास गेला. हेसेलने विरोध केला नाही. त्याच्यात विरोधाएवढी ताकद नव्हतीच. दुसरा गेला. तिसऱ्याला त्याने स्वतःहून तोंड उघडलं. ओक्बाय मास्तरांनी शिटी वाजवायला श्वास घेतला, शिटी खाली पडली, आणि ओरडण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं. अदेय लेतेमिकाएलसमोर उघडं तोंड फार वेळ उघडं राहत नाही. चौथा घास मास्तरांच्या तोंडात गेला. पाचवाही. मोटारसायकल पुढे निघून गेली म्हणून सहावा वाचला.

"ही बाई काय करते आहे?" लामोतनी विचारलं.

"आशीर्वाद देते आहे."

"तोंडात?"

"आमच्याकडे तसाच देतात."

किफ्लोमने गाडी थांबवून काच खाली केली. "अदेय, काय केलंत हे?"

"शब्द पाळला. मिहरेताबला शिवलेसुद्धा नाही."

"पण तो डच—"

"त्याच्याबद्दल तू काही बोलला नव्हतास."

"नियम सगळ्यांना असतो."

"मग सगळ्यांचं सांगायचं होतंस. मी काय समजू? घरचं पोरगं उपाशी राहिलं तर समजून घेतं. परक्याच्या आईला मी काय सांगू, तुमचं पोर माझ्या दारात भुकेने कोलमडलं आणि मी बघत होते?" तिने टोपलीत हात घातला. "हे गुलाबी कोण?"

"अधिकारी. युरोपचे."

"आ करा म्हणावं."

माझ्यावर भाषांतर करायची वेळ आली नाही. मोस्यू लामोतनी तीन घास घेतले आणि अस्मारा येईपर्यंत रुमालात तोंड घालून बसले. किफ्लोमलाही खावं लागलं. रागावलेल्या माणसाला भरवणं तर अधिकच गरजेचं असतं.

हेसेल जिंकला कसा यावर बारमध्ये दोन मतं आहेत. एका मतानुसार मटणाने जिंकला. दुसऱ्या मतानुसार तिखटाने. तोंडातली आग विझवायला पाणी हवं होतं, आणि त्याची गाडी उंटाच्या मागे असल्यामुळे सर्वांत जवळचं पाणी अस्मारातल्या अंतिम रेषेपलीकडे होतं. काही असो. शहरातल्या मोठ्या रस्त्याच्या ताडांच्या रांगेत शिरताना त्याने मिहरेताबला गाठलं आणि रेषेवर एका चाकाने मागे टाकलं. मग सायकल सोडून दिली आणि समोरच्या कारंज्यात तोंड घातलं.

मिहरेताब रस्त्याच्या कडेला बसला. किफ्लोम त्याच्यापाशी गेला. किफ्लोमला वाटलं, पोरगं हरल्यामुळे रडतंय.

"अया," मिहरेताब म्हणाला, "तिने मला एकसुद्धा घास दिला नाही."

"मीच सांगितलं होतं तिला."

"तरी. तोंडपण फिरवलं."

"मला शब्द दिला होता तिने."

"त्याला तीन दिले. मोजले मी."

"तू मागे बघत होतास की शर्यत करत होतास?"

मिहरेताबने बुटांचे पट्टे सोडायला घेतले.

पंचांच्या मंडपात ओक्बाय मास्तर बसले होते. मिशीच्या एका टोकाला झिग्नीचा लाल रंग अजून होता आणि तिकडे कुणी लक्ष वेधायला धजत नव्हतं. कारखान्याचे मालक आधीच पोचले होते.

"बसा," मास्तर म्हणाले. "परिस्थिती अशी आहे. हेसेलने शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये खाणं घेतलं. नियमाने तो मागे जातो आणि मिहरेताब जिंकतो."

"मग जाहीर करा ना," मालक म्हणाले.

"तिथेच अडचण आहे. मीही घेतलं. दोनदा. पंचाने खाल्लं तर काय, हे नियमात कुठे नाही, मी दोनदा वाचून बघितलं. ज्या ताटातून मी जेवलो त्या ताटाबद्दल मी स्वतःहून तोंड उघडणार नाही. पण संघाने तक्रार केली तर मी ती नाकारूही शकत नाही. तक्रार किफ्लोमने करायची."

"करेल की," मालक म्हणाले. "किफ्लोम, कर."

मंडपाबाहेर बार उभा होता. म्हणजे अख्खा बार. आतले वेटरही आले होते. तिथेही दोन तट पडले. एक म्हणे, नियम म्हणजे नियम. दुसरा म्हणे, आपल्या दारात जेवायला घालायचं आणि जेवला म्हणून त्याच्या हातून बक्षीस काढून घ्यायचं, हे जगात सांगणार कसं? पहिला म्हणे, सांगायचं कशाला?

एवढ्यात अर्बारोबाहून एक मालमोटार आली आणि तिच्या मागच्या फळीवरून अदेय लेतेमिकाएल उतरली. हातात रिकामी टोपली.

"कोण जिंकलं?" तिने विचारलं.

"तो डच," किफ्लोम म्हणाला.

"चांगलं खाल्लं त्याने."

"अदेय, त्याला मागे टाकता येतं. मी एक शब्द बोललो तर मिहरेताब पहिला. युरोप मिळेल. पोरांचं भलं होईल."

"मागे का टाकायचं त्याला?"

"तुम्ही भरवलंत म्हणून."

शालीचं टोक तिने पुन्हा नीट खोचलं, खोचलेलं असूनही. "माझ्या हातचं खाल्लं म्हणून," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मग म्हणाली, "बोल तू. पोरांचं भलं होत असेल तर बोल. फक्त त्याला एवढं सांग, म्हातारीला नियम माहीत नव्हता."

"मी सांगितला होता की तुम्हाला."

"तेवढं नको सांगूस."

किफ्लोमने मालकांकडे बघितलं, मास्तरांच्या मिशीकडे बघितलं. कारंज्याच्या काठावर हेसेल बसला होता. कुणीतरी त्याला दह्याचं भांडं दिलं होतं आणि तो त्यातून तोंड वर काढत नव्हता. त्याचं लक्ष अदेयकडे गेलं तेव्हा त्याने उठून हात हलवला. अदेयनेही टोपली हलवली, रिकामी आहे हे कळावं म्हणून.

"तक्रार नाही," किफ्लोम म्हणाला.

"विचार कर," मालक म्हणाले. "युरोप नाही तर कारखान्याचा संबंध संपला. आजपासून."

"हो."

"सात पोरं आहेत."

"त्यांच्या आयांकडे मीच जाईन," किफ्लोम म्हणाला, आणि लग्नं ठरवून बसलेल्या त्या दोन आयांकडे सगळ्यांत शेवटी जायचं, असं त्याने मला हळूच सांगितलं.

मालक निघून गेले. ओक्बाय मास्तरांनी निकाल वाचला. बारने हेसेलला खांद्यावर घेतलं. तक्रार करा म्हणणारे त्यात पुढे होते. मिहरेताब मावशीपाशी जाऊन बसला. तिने टोपलीच्या तळाशी फडक्यात काहीतरी गुंडाळून ठेवलेलं निघालं. ती ते त्याला भरवत होती आणि तो रागावलेला असूनही खात होता.

दुपारी मोस्यू लामोतनी आम्हाला हॉटेलच्या व्हरांड्यात बोलावलं. त्यांचे ओठ अजून सुजलेले होते. किफ्लोमने येताना रस्त्यात भाषण जुळवलं होतं आणि ते उभं राहूनच केलं.

"साहेब, आम्ही हरलो. नियमाने जिंकू शकलो असतो. पण पाहुण्याला आमच्या माणसाने भरवलं आणि आम्हीच त्याला त्याबद्दल शिक्षा मागितली, असा संघ मला युरोपात न्यायचा नाही. नाही बोलावलंत तरी माझी तक्रार नाही. तक्रार मी सकाळीच केली नाही."

मी आयुष्यात एवढं चांगलं फ्रेंच कधी बोललो नव्हतो. दोन विशेषणं तर मी पदरची घातली.

लामोतनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं. नाक पुसलं. मग म्हणाले की निमंत्रण तुमचंच आहे. मे महिन्यात यावं, सायकली आपल्या आपण आणाव्यात.

किफ्लोम खुर्चीवर बसला. मग उठला, लामोतच्या दोन्ही खांद्यांना तीन-तीनदा खांदा लावून भेटला, मलाही तसाच भेटला, वेटरलाही भेटला. जगात न्याय आहे, असं तो चारचौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. मालकांना आता बोलवून आणा, म्हणाला. मग त्याला राहवेना.

"त्यांना विचार," तो मला म्हणाला, "नक्की कशामुळे? चढणीमुळे, की मी तक्रार केली नाही त्यामुळे?"

मी विचारलं. लामोतना प्रश्न नीट कळला नाही, म्हणून मी पुन्हा विचारला. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि नम्रपणे सांगितलं की कुठली तक्रार ते त्यांना ठाऊक नाही, रुमालाच्या आतून त्यांना फारसं काही दिसलं नव्हतं. शर्यतीत एक जागा आफ्रिकेतल्या संघासाठी राखून ठेवलेली होती. त्या जागेसाठी अर्ज एकच आला होता.